लग्नसराई निपटू द्या

पल्लवी एकोच्या टेबलवर झोपली, तेव्हा तिची पावलं टेबलाबाहेर गेली. कॉलेजातली पोर, व्हॉलीबॉल खेळणारी. चष्म्याचा नंबर सारखा वाढतो म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेली, तर त्यांना डोळ्यातलं भिंग जागेवरून सरकलेलं दिसलं. त्यांनी तिला माझ्याकडे पाठवलं. एको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. नागपुरात मी तेच काम करतो.

तिची महाधमनी, म्हणजे हृदयातून निघणारी रक्ताची मुख्य नळी, मुळाशी फुगलेली होती. वडिलांना आत बोलावलं. रमेशभाऊ गांधीबागेत कापडाच्या दुकानात कामाला. त्यांना सांगितलं, शरीरात फायब्रिलिन नावाचं प्रोटीन असतं, ते इलास्टिकच्या पट्टीतल्या दोऱ्यांसारखं काम करतं. ते जन्मतःच कच्चं असलं की हाडं लांब वाढतात, भिंग सरकतं, ही नळी ताणत जाते आणि एखाद्या दिवशी फाटते. आजाराचं नाव मार्फान. गोळ्या सुरू, उड्या बंद, गरज पडली तर ऑपरेशन. वेळेत सापडलं तर माणूस चांगला जगतो.

खेळ सुटला म्हणून पल्लवी रडायला लागली. रमेशभाऊंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि मी तो हातच बघत राहिलो. लांबच लांब बोटं. हा आजार बहुतेक वेळा आईकडून नाहीतर बापाकडून येतो. वरच्या रॅकवरचे तागे ते स्टुलाशिवाय काढायचे, याचं दुकानात फार कौतुक होतं म्हणे.

"रमेशभाऊ, शर्ट काढा. तुमचंही आताच पाहतो."

"मले काय झालं, डॉक्टरसाहेब? सकाळपासून गठ्ठे उचलून राहिलो."

मी चिडलो. तेच तर बंद करायचंय, म्हटलं. पल्लवीनेही गळ घातली. पण बस्त्याचे दिवस. लग्नाचे कपडे घ्यायला घरंच्या घरं दुकानात येतात, आणि शेठ तासाच्या वर सुट्टी देत नव्हते. तो तास पोरीवर संपला होता.

"लग्नसराई निपटू द्या, मंग मीच येतो," म्हणाले, आणि तिची फाईल काखेत मारून निघाले.

मी नंतर फोनही केले. हो-हो म्हणायचे. लग्नसराई संपायच्या आतच, कोणाच्या तरी बस्त्यासाठी वरचा तागा ओढताना ते कोसळले. पोस्टमॉर्टेममध्ये नळी फाटलेली निघाली. त्या दिवशी मशीन चालू होतं, माणूस हातभर अंतरावर उभा होता. अजूनही राग येतो मला. त्यांचा, शेठचा, त्या बस्त्याचा. आणि फार वाईट वाटतं.

पुढच्या तपासणीला पल्लवी आली, ती कुही गावच्या आत्याला सोबत घेऊन. रमेशभाऊंची बहीण, तशीच उंच. पल्लवी म्हणाली, आधी हिचं पाहा.

"मले काय झालं वं?" आत्या म्हणाली. "धानाची रोवणी होऊ दे, मंग पाहू."

"बाबाबी असंच म्हणत होते. झोप, आत्या."

आत्या झोपली. तिचीही नळी फुगलेली होती. गोळ्या त्याच दिवशी सुरू केल्या.

आता अशा पेशंटसोबत येणाऱ्या रक्ताच्या नातेवाइकाला मी पुढची तारीख देत नाही. पेशंट बाहेर बसतो, आधी सोबतचा टेबलवर.