शिंगं बघून मेंढा धरला

मला कॅम्पवर घेतलं ते काडतुसं वाहायला. डोक्यावर टोपलं, टोपल्यात गोवऱ्या, गोवऱ्यांखाली काडतुसं. बाईमाणसाला निजामाच्या नाक्यावर कुणी फार हटकत नसे. साल अठ्ठेचाळीस. हैदराबाद संस्थान अजून भारतात आलं नव्हतं. आमचा कॅम्प हद्दीच्या पलीकडे, वऱ्हाडच्या बाजूला एका नाल्यात होता. धावडा, टेंभुर्णी ही गावं अलीकडे. मी दोन्हीकडे ये-जा करायची. मी धनगराची विधवा, चौथी शिकलेली. शाळेतल्या पोरींनी परवा विचारलं, आजी, तुम्ही लढाईत काय केलं? एवढंच त्यांना सांगितलं. पुढचं इथं लिहिते.

कॅम्पचे प्रमुख हवालदार. मोठ्या लढाईत इंग्रजांच्या पलटणीत होते, तिथून पेन्शनीवर आलेले. त्यांनी कॅम्पला पलटणीची शिस्त लावली. उजाडताच फॉल-इन. मग पीटी. मग रायफली पुसणे. रायफली थोड्या, माणसं जास्त, म्हणून पाळीपाळीनं. दुपारी भाकरी. संध्याकाळी पासवर्ड बदलायचा आणि सेन्ट्री उभे करायचे. मला त्यांनी रायफल उघडायला आणि जोडायला शिकवली. चुकलं की म्हणायचे, "टोपलं उचलणं सोपं हाय, बाई. हे बराबर कर."

त्या कॅम्पात दोन माणसं होती, त्यांच्याबद्दल सांगायचं आहे.

लिंबाजी टेंभुर्णीचा. अंगानं बारीक, आवाज मऊ. गुडघे जवळ घेऊन बसायचा. आई लहानपणीच गेली, पाठच्या बहिणी यानंच सांभाळल्या, म्हणून दळण-कांडण सगळं यायचं. कॅम्पचं जातं तोच ओढायचा आणि ओढताना ओव्या म्हणायचा. भाकरी माझ्यापेक्षा गोल करायचा.

"लिंबाबाई, पीठ बारीक दळ गं," पोरं म्हणायची.

"दळते की," लिंबाजी म्हणायचा. "पण मिशा वर धरून खा, मालक. मागं पिठात केस निघाला तर माझ्या नावावर नको."

सगळे हसायचे. तोही हसायचा. रायफलीचा नेम मात्र त्याचा चांगला होता.

दुसरा खंडू, बदनापूरकडचा. पैलवान. मान बैलासारखी, मिशा पिळलेल्या. कॅम्पात एकच स्टेनगन होती, ती त्याच्याकडे. आमच्यात विधवेचा पाट लागतो. माझ्या मनात खंडू होता. हे कॅम्पाला माहीत होतं. मी भाकऱ्या वाढायला लागले की कुणीतरी ओरडायचा, "खंडू, तुझ्या ताटात एक जास्ती दिसून राह्यली!" खंडू मान खाली घालून खायचा. मला वाटायचं, लाजतो.

एका संध्याकाळी सेन्ट्री पळत आला. खालच्या ओढ्यात दोन माणसं एका घोंगड्यात होती. दोघं पुरुष. यानं हटकलं तशी दोन बाजूंना पळाली. अंधारून आल्तं, तोंडं दिसली नाहीत. कॅम्पचीच, कारण घोंगडं कॅम्पचं होतं.

हवालदारांनी लगेच फॉल-इन घेतलं.

"कोण होतं?"

हवालदार रांगेसमोरून एक फेरी मारून आले.

"पलटणीत असल्याला ठेवत न्हाईत. एक पाऊल पुढं या."

कुणी पुढं आलं नाही. मग हवालदार माझ्याकडे वळले. माझा बाप मेंढ्या राखायचा आणि बाजारात मेंढा घेताना मला संगं न्यायचा. माझी पारख चांगली आहे हे मीच सगळ्यांना सांगितलं होतं.

"धुरपे, तू नुसतं बघून मेंढा निवडतीस म्हणं."

"निवडते."

"कोणता मेंढीला लागंल, कोणता न्हाई, कळतं?"

"बराबर कळतं."

"मंग ह्यांच्यातला सांग."

मी रांगेवरून एकदा नजर फिरवली. गरजही नव्हती.

"लिंबाजी," मी म्हणाले.

"खात्री हाय?"

"त्यात काय? बघितलं की कळतं."

रांगेत कुणीतरी हसलं. लिंबाजी यावेळी हसला नाही.

"साहेब, मी जात्यावर होतो. मला बायको हाय घरी."

"बायको समद्यांलाच असती. दुसरा कोण होता?"

"मीच नव्हतो तर दुसरा कुठून सांगू?"

हवालदारांनी त्याची रायफल काढून घेतली. सकाळी कॅम्प सोडायचा, ही ऑर्डर.

"साहेब, तिकडं नाक्यावर माझं नाव गेलंय. गेलो तर मरतो. भांडी घासायला ठेवा, पण ठेवा."

"डिसमिस," हवालदार म्हणाले.

खंडू अटेन्शनमध्ये समोर बघत उभा होता.

सकाळी लिंबाजी निघण्याआधी माझ्याकडे आला.

"धुरपाअक्का, तुम्ही पाह्यलं होतं का मला वढ्यात?"

"न्हाई."

"मंग?"

"जा जल्दी," मी म्हणाले. "ऊन व्हायच्या आत पोच."

वऱ्हाडात त्याचं कुणी नव्हतं. तो बायकोकडं निघाला.

पुढच्या खेपेला मी टोपलं घेऊन टेंभुर्णीच्या वाटेला लागले. नाक्याजवळ लिंबाजी पडलेला होता. गोळी छातीत. लोकांनी बघावं म्हणून तसाच ठेवला होता. शेजारी एक बाई पदरानं माशा वारत बसली होती. रडत नव्हती. ती त्याची बायको, हे मला नंतर कळलं.

नाक्यावरच्या बंदूकवाल्यानं मला थांबवलं. "पहचानती क्या इसको?"

"न्हाई, साब. हमारे गाँव का न्हाई."

त्या बाईनं मान वर करून माझ्याकडं बघितलं. मी टोपलं सांभाळत पुढं गेले. खाली काडतुसं होती. पण काडतुसं नसती तरी मी काही वेगळं बोलले असते, असं मला वाटत नाही.

कॅम्पवर येऊन रिपोर्ट दिला. हवालदार म्हणाले, "बरं." आणि राहुटीत गेले. जेवायला आले नाहीत.

मी भांडी घासत होते. खंडू येऊन समोर उभा राहिला.

"धुरपे, तुला मेंढ्यातलं कळत असंल. माणसातलं काय बी कळत न्हाई."

"म्हंजे?"

"वढ्यात मी होतो."

मी हसले. मला वाटलं, चेष्टा करतोय. तो हसला नाही. मी त्याच्याकडं नीट बघितलं. तीच मान, त्याच मिशा. महिनोन् महिने मी त्या माणसाकडं जेवढं बघितलं तेवढं कॅम्पात कुणी कुणाकडं बघितलं नसेल. तिथं काही नव्हतं. आता कळल्यावरही काही दिसत नव्हतं.

"दुसरा कोण?"

"मेलो तरी सांगणार न्हाई."

"मंग तवा का न्हाई बोललास?"

"तू नाव घेतलंस. मला वाटलं, सुटलो." तो खाली बसला. "दोन शब्द होते. मी होतो. एवढंच बोलायचं होतं."

माझ्या बापाकडं एक मेंढा होता. शिंगं दोन वेटोळ्यांची. भोकरदनच्या बाजारात लोक थांबून बघायचे. तो मेंढीकडं कधी फिरकला नाही, दुसऱ्या मेंढ्यामागं जायचा. बापानं त्याला हाकललं नाही, लोकरीसाठी ठेवला. मला म्हणाला, "शिंगं बघून मेंढा धरू नको, पोरी. कळपात सोड, मंग बोल." हे मी डोळ्यांनी बघितलं होतं. रांगेपुढं उभी राहिले तेव्हा आठवलं नाही. सगळे माझ्याकडं बघत होते ना.

खंडूनं हवालदारांना सांगू नको म्हटलं नाही, सांग म्हटलं नाही. मी सांगितलं नाही. सांगून लिंबाजी उठणार नव्हता, आणि खंडूही गेला असता.

आठवडाभरानं नाक्यावर हल्ला ठरला. पुढं कोण, असं हवालदारांनी विचारायच्या आत खंडू स्टेनगन घेऊन उभा राहिला. भर दुपारी, नाक्यावरचे जेवायला बसले तेव्हा आमचे लोक ओढ्यातून वर चढले. मी मागं, काडतुसांजवळ. शिट्टी झाली. "कव्हर घ्या!" हवालदार ओरडत होते. "खंडू, खाली बस! डाऊन!" तो बसला नाही. नाका पडला. आमचा एकच माणूस गेला.

चितेपाशी हवालदार म्हणाले, "असा मर्द पुन्हा व्हणार न्हाई." सगळ्यांनी माना हलवल्या. त्यांच्यातच तो दुसराही उभा होता. मीही मान हलवली.

संस्थान गेलं. गावोगावी झेंडे लागले. पुढं आमच्याकडं शहिदांचा दगड बसवला, त्यावर खंडूचं नाव आलं. लिंबाजीचं आलं नाही, कारण मेला तेव्हा तो कॅम्पचा नव्हता. दर वर्षी मुक्तिदिनाला मी त्या दगडासमोर बसले आणि गप्प राहिले.

एके वर्षी मी उठले आणि म्हणाले, लिंबाजीचं नाव दगडावर घाला. हवालदार तोवर वारले होते. कॅम्पातले तिघं म्हातारे पुढच्या बाकावर होते. तिघांच्याही मागं लेक, सुना, नातवंडं.

सरपंच म्हणाला, "पण त्याला कॅम्पातून काढल्तं ना, आजी? कशापायी?"

"माझ्या बोलण्यावरून काढलं. मी खोटं बोलले नव्हते. मला काही ठाऊक नव्हतं आणि ठाऊक आहे म्हणून बोलले. आणि खरं असतं, तरी काढायचं कारण नव्हतं. बंदूक चालवायला त्याचं काय लागतं?"

मग बाकावरचे ते तिघं उठले आणि म्हणाले, नाव घाला. कोण आधी उठला ते मी बघितलं नाही. माझी नजर दगडाकडं होती.

पुढच्या वर्षी खंडूच्या खाली लिंबाजीचं नाव कोरलं. मी त्याच्या बायकोला बोलवायला टेंभुर्णीला गेले. घराला कुलूप होतं. ती नुकत्याच सरलेल्या उन्हाळ्यात वारली होती.