उघाडीची किल्ली

रुक्माकाकी गेल्याचं कळलं तेव्हा मी ग्रामपंचायतीच्या कचेरीचं दार उघडत होतो. म्हणजे अकरा वाजले होते. शिपाई पायरीवर उभा होता. म्हणाला, "भाऊनु, बांधावरची काकी गेली... सकाळीच." मी आत जाऊन खुर्चीत बसलो, आणि पहिला विचार काय आला सांगू? बाई शेवटपर्यंत कचेरीच्या वेळेत बसली नाही. क्षणभर हसू आलं. त्यामागून जो संताप आला तो आज महिना होत आला तरी उतरलेला नाही. गेलेल्या माणसावर लिहिताना राग दिसू नये, असं आमच्या हेडमास्तरांनी मला बजावलं आहे. दिसला तर दिसू दे. माझ्याजवळ दुसरं काही शिल्लक नाही.

आमचा गाव मालवणपासून चार मैलांवर, खाडीच्या कुशीला. खाडी आणि गाव यांच्यामध्ये एक जुना बांध आहे. बांधाच्या आत भाताची खाचरं, पाणथळ, आणि त्यापलीकडे अख्ख्या गावाच्या विहिरी. बाहेर चिखलात तिवरांची दाट झाडी. लाटेचा मार आधी ती खाणार, मग बांध. बांधाच्या मधोमध उघाडी, म्हणजे दगडी मोरी आणि तिच्यात वरखाली सरकणाऱ्या लाकडी फळ्या. भरती चढायच्या आत फळ्या खाली टाकायच्या, म्हणजे खारं पाणी आत येत नाही. ओहोटी लागली की वर घ्यायच्या, म्हणजे आतलं पावसाचं पाणी निघून जातं. काम एवढंच. पण भरती दिवसातून दोनदा, आणि रोज पाऊण तास उशिरा. काकीचा नवरा हे करायचा. तो होडीबरोबर गेला, तेव्हापासून काकी करू लागली. घड्याळ नाही, पंचांग नाही. पाण्यात बोट बुडवायचं, जिभेला लावायचं आणि सांगायचं, "फिरला पाणी." कधी चुकल्याचं मी ऐकलं नाही.

पावसाच्या आधी गावात बांधाचा दिवस असायचा. घरटी एक माणूस, एक पाटी माती. माती घालून झाली की गावचा मानकरी गावकर उघाडीवर नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायचा, "बा देवा म्हाराजा, हिरव्या तिवराक जो कोण कोयतो लावीत, तेका तूच बघून घे रे म्हाराजा!" आणि सगळा गाव एका आवाजात, "व्हय म्हाराजा!" मीही ओरडायचो. वाण्यापासून होडीवाल्यापर्यंत सगळे ओरडायचे. काकी तेवढी ओरडायची नाही. "तुमी बोंबलतास," मला म्हणाली होती एकदा, "बघूक माकाच व्हया." तेव्हा मला तो थट्टेचा विषय वाटला होता.

मग नवे पैसे आले, तालुक्याहून जीपगाड्या येऊ लागल्या, तेव्हाची गोष्ट. एका साहेबानं बांध बघितला आणि विचारलं, "ही उघाडी कोणाच्या ताब्यात आहे?" आमचे सरपंच गोंधळले. एका विधवेच्या, हे उत्तर त्यांना शोभेना. काकीकडे नेमणुकीचा कागद नव्हता, हुद्दा नव्हता. झालं! पुढच्या सभेत ठराव आला की उघाडी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याने तीस साखळी व कुलूप लावून किल्ली कचेरीत ठेवावी, फळ्या शिपायाने उघडाव्या व बंद कराव्या. हात वर झाले. तीच तोंडं, तसंच "व्हय". आणि तो ठराव वहीत उतरवला कोणी? मी. माझं अक्षर चांगलं, त्याचा मला कोण अभिमान! कचेरी अकरा ते पाच, रविवारी बंद. समुद्राला वेळापत्रक लावून दिलं आम्ही, आणि सोळा जणांच्या त्या सभेत एकाच्याही डोक्यात आलं नाही की भरती अकराची वाट बघत नाही. खाडीच्या पाण्यावर वाढलेली माणसं आम्ही! घाटावरून आलेल्या माणसानं असं केलं असतं तर त्याला आम्ही जन्मभर हसलो असतो.

काही दिवस शिपाई काकीला विचारून काम करत होता, म्हणून निभावलं. मग श्रावणातली अमावास्या आली. पाऊस नुसता कोसळत होता. शनिवारी संध्याकाळी ओहोटी, म्हणून शिपायानं फळ्या वर घेतल्या, साखळी घातली, कुलूप लावलं आणि पाचाच्या ठोक्याला किल्ली माझ्या हातात दिली. मागोमाग काकी भिजत दारात.

"रे कारकुना, फळयो वर आसत. उधाणाचा पाणी फिरतला आता. किल्ली दी माका."

"काकी, नियम आहे. सोमवारी ये."

"आयतवारी दर्याक सुट्टी आसता काय रे?"

मी हसलो. हो, हसलो. मेहुणीच्या घरी कसालला बारसं होतं, एसटी गाठायची होती. किल्ली खिशात घालून मी गेलो.

पुढचं मला नंतर कळलं. काकी सरपंचांकडे गेली. ते म्हणाले, कारकून आला की बघू. माझ्या घरी गेली, घराला कुलूप. तिनं लगेच उघाडीचं कुलूप का तोडलं नाही, असं लोक आजही विचारतात, आणि हे विचारणाऱ्यांच्या मला कानाखाली द्यावीशी वाटते. गावाच्या वस्तूवर घाव घालणं तिच्या रक्तात नव्हतं. गावाची परवानगी मागत ती दारोदार फिरली, आणि गाव जेवत बसला होता. एक भरती आत आली. रविवारी दुपारची दुसरी चढत होती तेव्हा तिनं दगडानं कुलूप फोडलं, फळ्या दाबायला छातीएवढ्या पाण्यात उतरली... पण पाण्याचा रेटा असा की फळ्या बसेनात. सोमवारपर्यंत खाचरं खाऱ्या पाण्याखाली गेली होती आणि खालच्या वाडीच्या विहिरींचं पाणी तोंडात धरवत नव्हतं.

सोमवारी काकी बरोबर अकराला कचेरीत आली. आयुष्यात पहिल्यांदा कचेरीच्या वेळेत. फुटलेलं कुलूप माझ्या टेबलावर ठेवलं. "कुलूप मोडलंय मी. लिव तुझ्या वहीत. ह्यां तुमचा सामान तुमका, आणि माझो बांध माका दिया." मी मान वर केली नाही. आठवड्यानं पंचायतीनं तिलाच नोटीस काढली, सार्वजनिक मालमत्तेची मोडतोड केल्याबद्दल. नोटीस माझ्या अक्षरात. तिनं अंगठा उठवला आणि म्हणाली, "अक्षर बरा आसा रे तुजा." टोमणा होता की काय, अजून कळलेलं नाही. टोमणा असता तर बरं.

दोन वर्षांनी कोणाला तरी सुचलं की जमीन आता खारीच झाली आहे, तर पाणथळ बुजवून मैदान करावं, आणि तिवरं तोडून त्यांचा भराव घालावा. ज्यांनी गाऱ्हाण्यात गळा काढला होता त्यांचेच कोयते हिरव्या झाडांवर पडले. पश्चिमेची अर्धी झाडी चार दिवसांत गेली. पाचव्या दिवशी काकी उरलेल्या तिवरांत चिखलात जाऊन बसली. तोडणी फक्त ओहोटीला होते आणि ओहोटीची वेळ तिच्याइतकी कोणाला ठाऊक? माणसं यायच्या आधी ती तिथं असायची, पाणी चढलं की उठायची. भांडली नाही, शिव्या दिल्या नाहीत. आठ दिवसांत तोडणारे कंटाळले, लाजले म्हणवत नाही मला. पूर्वेची अर्धी झाडी आज उभी आहे आणि मैदान अर्ध्यावर अडलं आहे ते एवढ्यामुळे. महाराष्ट्र झाला, सरपंच बदलले. उघाडीला नवं कुलूप आलं, किल्ली माझ्याच खणात राहिली. काकी शिपायामागं फिरून फळ्या वरखाली करून घेत राहिली, आणि रोज खालच्या वाडीच्या विहिरीवर जाऊन बोट जिभेला लावत राहिली. विचारलं की म्हणायची, "खारटच आसा. पण फाटल्या वर्सापेक्षा कमी."

तिची शोकसभा झाली. दोन मिनिटं उभे राहिलो. आताचे सरपंच गहिवरून बोलले, तिला खाडीची लेक म्हणाले, आणि मग सूचना मांडली की उरलेली पूर्वेची झाडी तोडून तिकडची पाणथळही बुजवून मैदान पूर्ण करावं आणि त्याला रुक्माबाईंचं नाव द्यावं. टाळ्या पडल्या. अहो, टाळ्या! सगळ्यांनी हात वर केले आणि सरपंच माझ्याकडे वळून म्हणाले, "भाऊ, चांगल्या अक्षरात लिहून काढा."

ठरावाच्या वहीतलं ते पान महिनाभर कोरं आहे. रोज विचारतात, रोज मी शाई संपली म्हणतो. आता सांगून टाकतो, शाई आहे, लिहिणार नाही. कचेरीच्या खणात उघाडीची किल्लीही मिळणार नाही, ती माझ्या जानव्याला बांधलेली आहे. आज रविवार. सकाळी नवाच्या सुमाराला ओहोटी लागली, मी बांधावर जाऊन फळ्या वर घेतल्या. फार जड असतात हो त्या, मला ठाऊकच नव्हतं. येताना खालच्या वाडीच्या विहिरीवर थांबलो, बोट बुडवलं, जिभेला लावलं. खारटच होतं. पण मागच्या वर्षापेक्षा कमी. दुपारी भरतीच्या आत परत जायचं आहे. सार्वजनिक मालमत्तेची नोटीस काढायची असेल तर खुशाल काढा, पण ती लिहायला दुसरा कारकून बघा.