पोचलेली पत्रं

आणीबाणीत द्वारका चौकातल्या टपरीवर तो रोज सकाळी चहाला यायचा. त्याचं नाव कुणी विचारलं नाही. त्या दिवसांत एकमेकांचं नाव माहीत नसलेलंच बरं होतं. चहा संपला की तो रुमालाने बाक पुसायचा, पिशवीतून अमेरिकेच्या स्वातंत्र्यलढ्यातल्या पुढाऱ्यांच्या पत्रांचं इंग्रजी पुस्तक काढायचा आणि एकेक पत्र मराठी करून मोठ्याने सांगायचा.

"काय म्हणतोय आज अमेरिकावाला?" ट्रकवाले विचारायचे.

"म्हणतो, राजा लय माजलाय."

हशा व्हायचा आणि लगेच सगळे आजूबाजूला बघायचे.

आम्हा कॉलेजच्या पोरांची सरकारविरोधी पत्रकं तेव्हा जप्त झाली होती. मी चिडून विचारलं, "तुम्ही स्वतःचं का नाही लिहीत?"

"माझी पत्रं वाटेत फोडतात. ही पोचलेली आहेत."

एका सकाळी हवालदार आला. "कोणाचं पत्र हाय हे? कुठं राहतो तो?"

"साहेब, दोनशे वर्षांपूर्वीचं आहे. लिहिणारा कधीच मेला."

"वाचणारा तर जिता हाय ना? चल."

त्याने पानाचा कोपरा दुमडला, पुस्तक बाकावर ठेवलं आणि हवालदारामागे निघाला.

आणीबाणी उठली, तुरुंगातली माणसं घरी आली, तो आला नाही. मी ते पुस्तक घेऊन चौकीवर गेलो. तिथल्या जमादाराने वर न बघता विचारलं, "नाव काय त्याचं?"

माझ्या हातातल्या पुस्तकात पानोपानी नावं होती. त्यांतलं एकही त्याचं नव्हतं.