पालकाची सही

लेकीचं प्रगतिपुस्तक सहीला समोर आलं, की मला पलूसच्या बँकेतला शाईच्या पॅडचा वास येतो. मी जन्मले तेव्हा वडिलांनी तिथं माझ्या नावानं खातं काढलं होतं, पालक म्हणून स्वतःची सही देऊन. मी चौथीत असताना ते आम्हाला सोडून आटपाडीला गेले आणि तिथं दुसरा संसार थाटला. अठरा पूर्ण झाल्यावर खातं माझ्या हाती यायला त्यांचीच सही हवी होती. कितीतरी निरोपांनंतर ते आले, टोपी हातात धरून काउंटरपाशी उभे राहिले. माझ्याकडे बघत नव्हते. त्यांनी दोनदा सही केली आणि दोन्ही वेळा कारकून म्हणाला, "आवं, जुनीशी जुळत न्हाई. आठवा की जरा." त्यांना आठवेना. शेवटी मीच स्लिपच्या पाठीवर ती सही काढून दिली, नावाखालून मागं ओढलेल्या लांब फराट्यासकट. कारकुनानं तोंड फिरवलं. वडील बघतच राहिले. "तुला कशी येती गं?" "पाचवीपासनं मीच करतीया, प्रगतिपुस्तकावर. तुमी गेलाय, हे शाळेत कुणाला कळू नये म्हणून." ते खाली वाकून, लहान पोरानं कित्ता गिरवावा तसे, माझ्या अक्षरावरून आपली सही काढत राहिले. ती जुळली. आता लेकीच्या प्रगतिपुस्तकावर मी माझीच सही करते. पण नाव लिहून झालं, की हात अजून मागं फराटा ओढायला निघतो, आणि मी पेन उचलून घेते.