तेराव्याच्या टेंपोतून नेलेला कुत्रा

मंगळवारी सकाळी साडेदहाला माझा नवरा गिरणीत वारला. मी शाळेत होते. आठवीचा तास चालू होता. शिपाई वर्गात आला आणि म्हणाला, बाई, घरी जा. मी घरी गेले. गिरणीचा पट्टा कोणीतरी बंद केला होता. कुत्रा दारात बसला होता.

गिरणी भाताची, कर्जतजवळच्या कडावात, आमच्या घराला लागूनच. सहा वर्षांपूर्वी मागच्या तुसाच्या ढिगात नवऱ्याला हे पिल्लू सापडलं. आई कुठे गेली ते कळलं नाही. पिवळट रंगाचं, कान पडलेलं, कोणत्याच जातीचं नसलेलं. त्याला नाव ठेवायचं राहून गेलं. नवरा त्याला नुसता "चल रं" म्हणायचा आणि तो चालायला लागायचा.

मी लहान असताना मला कुत्रा चावला होता आणि पोटात इंजेक्शनं घ्यावी लागली होती. त्यामुळे माझा एक नियम होता: कुत्रा ओटीच्या पायऱ्या चढणार नाही. नवऱ्याने तो पाळला आणि कुत्र्यानेही पाळला. त्याचं जेवण मात्र मी करायचे. गिरणीत चाळणीखाली कणी पडायची, ती शिजवायची. आठवड्याच्या बाजारातून आणलेल्या सुकटीचा तळाशी राहिलेला चुरा दोनदा धुऊन त्यात घालायचा. कधी भोपळ्याच्या साली. मीठ नाही, मसाला नाही. झोपायला पेंढा भरलेलं पोतं. अंगावर गोचीड दिसली की नवरा करंजेल, म्हणजे करंजाचं तेल, चोळायचा. सहा वर्षांत त्या कुत्र्यासाठी आम्ही दुकानातून एक वस्तू आणली नव्हती. पातेलं मी भरायचे, नवरा घेऊन जायचा. मी कुत्र्याला एकदाही हात लावला नव्हता. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे दीर मला हेच म्हणाले आणि ते खरं होतं.

तिसऱ्या दिवशी कुत्रा रडायला लागला. गिरणीच्या बंद दारासमोर बसायचा आणि मान वर करून रडायचा. घर पाहुण्यांनी भरलेलं. मला आतल्या खोलीत कोपऱ्यात बसवलेलं. नणंद दरवेळी कानावर हात ठेवायची.

"ऐकताय ना वैनी? आता कोनाला बोलवतंय ते? एकाला नेलं तेवढं पुरं नाय झालं?"

तिची चुलत सासू म्हणाली, "आधी त्याला काढा इथनं. रडतं कुत्रं घराला बरं नाय."

मी तीस वर्षं शाळेत मराठी शिकवते. माणसं गेली की माणसं रडतात आणि कुत्रा रडला की तो यमाला हाका मारतो, हे कोणत्या हिशोबाने, असं विचारायला मला तेव्हा तोंड नव्हतं. दीर दारात येऊन उभे राहिले. "वैनी, कुत्र्याचं काय करायचं मग? आता कोन पोसनार त्याला?" मी नाही म्हणाले नाही. माझं गप्प बसणं त्यांनी होकार म्हणून घेतलं, आणि मी त्यांना तसं घेऊ दिलं. कोण पोसणार म्हणे! त्या घरात त्या आठवड्यात चाळीस माणसं जेवत होती, आणि सगळ्यांत स्वस्त पोट त्या कुत्र्याचं होतं.

तेराव्याचं जेवण झालं. मांडववाल्याची भांडी, खुर्च्या, ताडपत्री टेंपोत चढली. टेंपो हायवेवरच्या चौक गावचा होता. मला आतून पातेल्यांचा आवाज येत होता, आणि मधेच एक केकाटणं ऐकू आलं. वाटलं, कोणाचा पाय पडला असेल. संध्याकाळी मी कणीचं पातेलं घेऊन पहिल्यांदा स्वतः मागच्या दाराने गिरणीपाशी गेले. सकाळी पाहुण्यांपैकी कोणीतरी ठेवलेलं अन्न तसंच होतं. त्यावर मुंग्या.

"कुत्रा कुठे आहे?" मी दिरांना विचारलं.

ते सुपारी कातरत होते. "सोडला."

"कुठे?"

"भांड्यांच्या टेंपोत घालून दिला. तिकडं हायवेला, चौकच्या पुढं. हॉटेलं हायत तिथं, खाईल पोटभर. आपल्यापेक्षा बरं खाईल, चिकन बिकन." ते हसले. माझ्या तोंडाकडे बघून थांबले. "अवो वैनी, तुमच्यासाठीच केलं ना. तुमी तर कधी हात पन नाय लावला त्याला."

आमच्याकडे नवरा गेलेल्या बाईने सव्वा महिना उंबऱ्याबाहेर पडायचं नसतं. पडली की पहिलं पाऊल माहेरी. भाऊ येतो, घेऊन जातो, नवीन साडी नेसवतो, मग ती कुठेही जायला मोकळी. माझा भाऊ खोपोलीला असतो. तो पुढच्या महिन्यात यायचा होता. चौदाव्या दिवशी सकाळी मी आंघोळ केली, कणी शिजवली, डबा भरला, शाळेची पिशवी खांद्याला लावली आणि चपला घातल्या.

नणंद आडवी आली. "काय झालं तुमाला? लोकं काय म्हनतील? माहेरी जायाच्या आधी कुत्र्याकडं?"

"हो," मी म्हणाले. "कुत्र्याकडे."

"येड लागलं हिला," ती आत ओरडून म्हणाली. मी निघाले.

कर्जतपर्यंत रिक्षा, तिथून चौकला दुसरी. मांडववाल्याचं दुकान सापडलं. टेंपो चालवणारा माणूस ताडपत्री झटकत होता. मी कोण ते सांगितल्यावर त्याने मान खाली घातली.

"ताई, मला सांगितलं तसं केलं मी. लोधिवलीच्या पुढं सोडला. उतरतच नव्हता वो. पातेल्यांच्या मधी घुसून बसला. ढकलावा लागला शेवटी."

"आणि मग?"

"मग धावला थोडा मागं." ताडपत्रीची घडी घालत तो म्हणाला, "थोडा नाय. बराच धावला."

त्याच्यावर मी रागावले नाही. माझा राग त्या माणसाच्या वाट्याचा नव्हता.

लोधिवलीच्या पुढे जुन्या हायवेला एक चहाची टपरी होती. मागच्या फळीवर बाबासाहेबांचा फोटो, पुढे बिस्किटांच्या बरण्या, आणि माझ्याच वयाची एक बाई. मी पिवळा कुत्रा म्हणताच तिने हातातलं फडकं खाली ठेवलं.

"तुमचा हाय का?"

"हो."

"मंग सोडला कशाला वो?"

मला सांगता आलं असतं की मी नाही सोडला, दिरांनी सोडला. त्याऐवजी मी तो कुठे आहे ते विचारलं. तिने बोट दाखवलं. रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या ट्रकच्या सावलीत तो पडला होता. एक कान फाटला होता, रक्त वाळलं होतं. "इथल्या कुत्र्यांनी धरला काल आल्या आल्याच," ती म्हणाली. "मी दगड मारून सोडवला. बिस्कीट टाकते, खात नाय. आन बघा आता काय करतो ते."

एक टेंपो वेग कमी करत आला आणि टपरीपाशी थांबला. कुत्रा उठला, लंगडत गेला, मागच्या फळीला नाक लावलं, चाकांपाशी हुंगलं, आणि परत येऊन पडला. "सकाळपासनं हेच," ती म्हणाली. "ट्रकला जात नाय, गाडीला जात नाय. टेंपोलाच."

मी डबा उघडला आणि दहा पावलांवर ठेवला. त्याने माझ्याकडे पाहिलं. ओळखलं की नाही ते मला कळलं नाही. कळेल इतकी ओळख मी कधी केलीच नव्हती. "चल रं" म्हणून पाहिलं. माझ्या तोंडून ते इतकं खोटं वाटलं की मी पुन्हा म्हटलं नाही. मी टपरीवर परत गेले तेव्हा त्याने डबा चाटूनपुसून साफ केला.

मी रोज जायला लागले. रजा होतीच. सोबत सहामाहीचे पेपर नेले. टपरीच्या बाकावर बसायचं, पेपर तपासायचे, दुपारी डबा ठेवायचा. रोज डबा दोन पावलं जवळ. टपरीवाली हसायची.

"बाय, त्याला पन बसवा परीक्षेला. किती मारकं देनार?"

"नापास मी आहे," मी म्हणाले.

"मंग बसा परत," ती म्हणाली आणि न मागता चहा दिला.

पाचव्या दिवशी त्याने माझ्या पायापाशी खाल्लं. सहाव्या दिवशी मी कापसाच्या बोळ्यावर करंजेल घेऊन गेले. कानामागे गोचिडी दिसत होत्या. दोघंही घाबरलेले. मी मानेवर बोळा लावला. तो गुरगुरला नाही. त्याचे केस मला वाटले होते त्यापेक्षा राठ होते. पन्नाशी ओलांडलेल्या बाईने कुत्र्याला पहिल्यांदा हात लावला, हायवेच्या कडेला, धुरात. घरी अंगणात हे सहा वर्षं करता आलं असतं, आणि बाजूला एक माणूस हसत उभा राहिला असता.

नवव्या दिवशी सकाळीच त्याला न्यायचं ठरवलं. रिक्षावाल्यांनी नकार दिला. मी भावाला फोन केला. तो गाडी घेऊन आला, आधी माझ्यावर चिडला, मग मागच्या सीटवर चादर अंथरली. दार उघडल्याबरोबर कुत्रा मागे सरकत ट्रकखाली गेला. डबा आत ठेवला तरी येईना. त्याला पुन्हा एकदा ढकलून गाडीत घालणं माझ्याने होणार नव्हतं.

"मी चालत येते," मी म्हणाले.

"कडावपर्यंत? ताई, डोकं ठिकाणावर आहे का?"

मी चालायला लागले. हाक मारली नाही. चौकच्या वळणावर मागे पाहिलं तर वीस पावलांवर तो येत होता. भाऊ गाडी हळूहळू पुढे नेऊन थांबत राहिला, पाण्याची बाटली धरून. थंडीचे दिवस, शेतांत वाल पेरलेला. वाटेवरच्या गावांत बायका दारात आल्या. कपाळ मोकळं असलेली एक बाई, मागे फाटक्या कानाचा कुत्रा, आणि पुढे गाडी. एकीने विचारलं, "काय नवस बोललाय का बाय?" कर्जत मागे पडलं तेव्हा तो बरोबरीने चालत होता. घरी पोचलो तेव्हा अंधार पडला होता. तो नेहमीसारखा पायरीशी थांबला. मी म्हटलं, वर ये. तो आला नाही. मग मी पोतं खाली नेलं आणि शेवटच्या पायरीवर बसले.

दुसऱ्या दिवशी त्याला कर्जतच्या सरकारी पशुदवाखान्यात नेलं, तेही चालतच. म्हशींच्या मागे उभे राहिलो, कान धुऊन घेतला, रेबीजची लस टोचून घेतली. आमच्या पुढे कळंबकडच्या कुठल्या बंगल्याचा रखवालदार एक भला मोठा केसाळ कुत्रा घेऊन उभा होता. मालक शनिवार-रविवारी येतात, म्हणाला. कुत्र्याचं खाणं मुंबईहून बंद पिशवीतून येतं. "पन मालक आले की हा वळखतच नाय त्यांना," तो म्हणाला आणि कुत्र्याची मान खाजवली. कुत्रा त्याच्या पायावर रेलला. माझ्या शाळेतल्या एका बाईंनी मला नंतर ऐकवलं, की परवडत असेल तरच कुत्रा पाळावा. मी त्यांना त्या बंगल्यातल्या कुत्र्याबद्दल सांगितलं. त्यांनी विषय बदलला.

दुसऱ्या काही जणांचा मला याहून जास्त राग येतो. ते घरी येतात, कुत्र्याकडे बघून डोळे पुसतात आणि म्हणतात, नवऱ्यावर किती जीव तुमचा, त्यांचाच आत्मा आहे हो त्याच्यात. तो आत्मा रडत होता तेव्हा यांच्यातलेच चार जण ओटीवर बसून त्याला काढा म्हणत होते. त्याच्यात माझा नवरा नाही. तो कुत्रा आहे. त्याला भूक लागते, त्याच्या कानात पू होतो. एवढं पुरेसं कारण असायला हवं होतं.

दीर रविवारी आले. गिरणी ते चालवणार, असं तेराव्यालाच ठरलं होतं. माझी हरकत नव्हती. त्यांनी चावी मागितली आणि दारातल्या कुत्र्याकडे पाहिलं.

"आनलात परत."

"आणला."

"हे बघा वैनी, मी गिरनी चालवायची तर हे दारात नको. रडकं कुत्रं म्हनून गावभर झालंय. गिऱ्हाईक फिरकनार नाय."

"तो आता रडत नाही."

"माज्या भावाची गिरनी हाय ती. कुत्र्यापायी बंद ठेवनार?"

"तुमच्या भावाचा कुत्रा पण आहे तो," मी म्हणाले. "त्याला टेंपोत घालून देताना तुम्हाला भाऊ आठवला नाही."

ते उठले. जाता जाता त्यांनी काठी उचलली, मारली नाही, नुसती उचलली. मी मधे जाऊन उभी राहिले. माझा आवाज इतका वर गेला की शेजारचे बाहेर आले. काय बोलले ते मला नीट आठवत नाही. वर्गातसुद्धा मी कधी ओरडलेली नाही. चावी माझ्या मुठीत होती, ती मी दिली नाही.

गिरणी बंद आहे. दीर आणि नणंद घरी येत नाहीत, बोलत नाहीत. कणी मी दुसऱ्या गिरणीतून आणते. कुत्रा आता पायऱ्या चढून ओटीवर झोपतो. हात लावला तर कधी बसून राहतो, कधी उठून जातो.