उरला एक गॅलस

आमच्या घरात आता एकच शब्द बोलला जातो. पाणी हवं असलं की गॅलस. पाठ दुखली की गॅलस. दारावर भाजीवाली आली, टीव्ही लागला, लाइट गेली, तरी गॅलस. हे जन्मभर शाळेत इतिहास शिकवत आले. बोलायला लागले की तास संपल्याची घंटासुद्धा ह्यांना ऐकू यायची नाही. मागच्या थंडीत पॅरालिसिसचा झटका आला, उजवी बाजू गेली आणि सगळ्या भाषेतून एवढा एक शब्द शिल्लक राहिला. तोही लॅटिन. राहायचाच होता तर एखादा मराठी तरी राहायचा. नुसतं भाकर म्हणाले असते, तरी पांढुर्ण्यातल्या आमच्या गल्लीला काही समजलं असतं.

हा शब्द घरात आला तो माझ्यामुळे. लग्नाआधी मी सौंसरला बायोलॉजी शिकवत होते. प्रयोगशाळेच्या काचेच्या कपाटात पेंढा भरलेला एक जुना रानकोंबडा होता. त्याची चिठ्ठी उडाली होती म्हणून मी नवी लिहीत बसले होते, त्याचं शास्त्रीय नाव, गॅलस गॅलस. तेवढ्यात नव्यानेच आलेले इतिहासाचे सर नकाशा टांगायला खिळा मागायला आत आले आणि खिळा विसरून माझ्या खांद्यावरून वाचायला लागले.

"मॅडम, हा तर रोमचा बादशहा."

"सर, हा रानकोंबडा आहे. आमच्या संत्र्याच्या बगीच्याच्या कडेला मी लहानपणी ढीगभर पाहिले आहेत."

मग काय, स्टूल ओढून बसले. रोममध्ये या नावाची बरीच माणसं होऊन गेली म्हणे. एक कवी होता. इजिप्तचा कारभार हाती आला, तर जागोजागी स्वतःचेच पुतळे उभारले, राजाची मर्जी गेली आणि शेवटी स्वतःचाच जीव घेतला. दुसरा बादशहा झाला आणि गादी गरम व्हायच्या आत स्वतःच्याच शिपायांच्या हातून मेला. तिसऱ्याचं मुंडकं चुलतभावानेच उडवायला लावलं. "एकही अंथरुणात नाही मेला," हे म्हणाले, जसं काही हेच तिघांना पोचवून आले होते.

"आमचा गॅलसही अंथरुणात मरत नाही सर, तो मसाल्यात मरतो," मी म्हटलं. हे इतके हसले की चपराशी दारातून डोकावून गेला. त्या उन्हाळ्यात आमचं लग्न झालं.

पुढे माझं नाव ह्यांच्या तोंडी फारसं आलंच नाही. मी रागावले की, "काय गॅलस, आज तुरा लय वर हाय?" मी आजारी पडले की, "ऊठ गॅलस, तुह्याबिना घर बंद पडलं." मुलगा लहान असताना त्याला वाटायचं, सगळ्या आयांना गॅलसच म्हणतात. मी वरवर चिडायचे. खरं सांगायचं तर दुसरं कोणतंही नाव मला तेवढं माझं वाटलं नाही.

झटका आला ती सकाळ लख्ख आठवते. शेजाऱ्यांचा कोंबडा आमच्या वाळत घातलेल्या चादरीवर चढला होता आणि मी अंगणात उभी राहून त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होते. हे खुर्चीत चहा पीत होते. "गॅलस," हे हसत म्हणाले, आणि पुढचं वाक्य आलं नाही. कप आधी पडला, मग हे.

नागपूरच्या दवाखान्यात बरेच दिवस तोंडातून आवाजच नव्हता. मग एक दिवस मी ह्यांची उशी सारखी करत होते तेव्हा स्पष्ट ऐकू आलं, गॅलस. मी वॉर्डातच रडत सुटले. नर्सला सांगितलं, पुण्याला मुलाला फोन केला, भेटेल त्याला सांगितलं, मला ओळखलं ह्यांनी. सगळं गेलं असेल, पण मी राहिले. त्या एका गोष्टीवर मी पुढचे महिने काढले. हे गॅलस म्हणायचे, मी हातातलं काम टाकून "हो, आले" म्हणायचे. सूर ओळखायलाही शिकले. उंच सूर म्हणजे भूक, ओढलेला म्हणजे कंटाळा, हळू म्हणजे जवळ बस. मुलाचा फोन आला की मी दुभाषी व्हायचे. "बाबा विचारतात, जेवलास का?" मुलगा बिचारा हो म्हणायचा.

मग नागपूरच्या स्पीच थेरपिस्टकडे जायला लागलो. माझ्या विद्यार्थिनीच्या वयाची मुलगी. तिने टेबलावर कंगवा, पेला आणि माझा फोटो ठेवला. "सर, पेला दाखवा." ह्यांनी कंगव्यावर हात ठेवला. "सर, मॅडमचा फोटो दाखवा." ह्यांचा हात कंगव्यावरच. तोंडाने गॅलस, गॅलस चालू.

"बघा, मला हाक मारताहेत," मी म्हटलं.

तिने ह्यांच्या हाताखालचा कंगवा काढून घेतला. "मॅडम, झटक्याच्या वेळी तोंडात होता तो शब्द अडकून बसलाय. काहीही म्हणायला गेले तरी तोच निघतो. त्यांच्यापाशी आता त्या शब्दाला अर्थ उरलेला नाही."

"तुम्हाला माहीत नाही. तो शब्द माझा आहे."

"घरचे सगळे असंच म्हणतात, मॅडम," ती म्हणाली. मला तिचा भयंकर राग आला. परतीच्या गाडीत तर मी तिच्या डिग्रीवरच घसरले.

नणंद कधीची मागे लागली होती. "वहिनी, तुमचं सायन्स झालं न करून? आता एक बार जामसांवलीच्या मारुतीले तर चाला. माह्या भावासाठी हात जोडून राहिली मी." आयुष्यभर पोरांना सांगत आले, पुराव्याशिवाय काही मानू नका. तरी गेले. नाही म्हणायला लागतो तेवढाही जोर माझ्यात राहिला नव्हता.

मारुतीचं दर्शन झालं, तीर्थ ह्यांच्या ओठांना लावलं. नणंद प्रदक्षिणेला गेली आणि मी ह्यांना घेऊन खांबाला टेकून बसले. आजूबाजूला आमच्यासारखीच माणसं, आपापलं दुखणं मांडीशी घेऊन बसलेली. हे मूर्तीच्या दिशेने बघत एका लयीत म्हणत होते, गॅलस, गॅलस, गॅलस. शेजारी लोधीखेड्याची एक बाई तरण्या लेकीला घेऊन बसली होती. ताप डोक्यात गेला तेव्हापासून पोरगी बोलत नव्हती. बाई बराच वेळ ह्यांच्याकडे पाहत होती. मग सरकत जवळ आली.

"बाई, बाबाजी कोणता मंत्र म्हणून राह्यले जी?"

"मंत्र नाही हो. बिमार आहेत ते."

"नाही जी, मी केव्हाची आयकून राह्यली. माह्या पोरीनं मान वळवली त्यायच्याकडं." आणि तिने लेकीच्या कानाशी तोंड नेऊन सुरू केलं, गॅलस, गॅलस. पोरगी समोर बघत होती. मान वळलेली नव्हती. मला तरी दिसली नाही. पण बाईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "पाहा, पाहा," ती मला म्हणाली, "ओठ हालवून राह्यली!"

ओठ हलत नव्हते. मी नीट पाहिलं, दोनदा पाहिलं. मी ह्यांच्या सुरांचे अर्थ लावायचे तेव्हा मुलालाही फोनवर असंच कळत असणार, तरी तो हो म्हणायचा.

"याचा अर्थ काय होते जी?" बाईने विचारलं.

रानकोंबडा म्हणून सांगता आलं असतं. रोमचा बादशहा म्हणूनही. माझं नाव आहे, असंही सांगता आलं असतं. मी ह्यांच्याकडे वळले. खांबाकडे पाहावं तसे हे माझ्याकडे पाहत होते.

"काही नाही," मी म्हटलं. "काहीच अर्थ नाही त्याचा."

"तुम्हाले मालूम नसंल," बाई म्हणाली आणि पुन्हा लेकीच्या कानाला लागली.

नणंदेने परतीला गाडी ठरवली. ती पुढे बसली, मी ह्यांच्याशेजारी मागे. पांढुर्णा येईस्तोवर हे थांबले नाहीत. एकदा उंच सुरात म्हणाले, एकदा अगदी हळू. नणंदेने वळून विचारलं, "वहिनी, दादा तुमाले बलावून राह्यला न?"

मी म्हटलं, "नाही. मला कोणी बोलावत नाही."