यंदाचा दाखला

अनय, ईशा, काल फोनवर तुम्ही विचारलंत, "आजी, पोळ्या करणाऱ्या मंगलमावशींची ज्योती कॉलेज का सोडणार?" म्हणून राग ताजा आहे तोवर आजच लिहिते.

सकाळी मी तिच्यासोबत कॉलेजच्या खिडकीपाशी उभी होते. फी माफ झाली नाही, तर तिला शेवटच्या वर्षाच्या परीक्षेला बसता येणार नाही. कारकुनाने तिचा उत्पन्नाचा दाखला परत सरकवला. "हा गेल्या वर्षीचा. यंदाचा आण."

"सर, गेल्या वर्षी आम्ही गरीब होतो, यंदाही तेच आहोत की!"

"जास्त शहाणपणा नको," म्हणत त्याने खिडकी लावून घेतली.

ज्योती हसली, मला हसू येईना. आता मंगलने कामं बुडवून तहसील कचेरीत खेटे घालायचे. माझी सुस्थिती मला कुणी कधी सिद्ध करायला लावली नाही. गरिबी मात्र दरसाल नव्याने पटवून द्यावी लागते. मुलं अभ्यासाला कंटाळतात, असं आपण खुशाल म्हणतो. ती अशीच खिडकीवरून परत जातात, आणि एक दिवस येईनाशी होतात.

फीमाफीच्या अर्जाची मुदत संपायला चार दिवस आहेत. हजेरीपटावर ज्योतीचं नाव अजून आहे.